एका क्रियाविशेषणाची दुरुस्ती

शब्द

दुकानाच्या शटरवर 'कमिंग सून' असा बोर्ड लागून इतके दिवस झाले होते की आता दुकानाआधी बोर्डालाच रंग द्यायची वेळ आली होती. (हा 'सून' म्हणजे इंग्रजीतला 'लवकरच'. घरातली सून नव्हे. ती या कथेत नाही, जावई मात्र आहे.)

जावई सुतार होता. त्याने केलेला ड्रॉवर एका बोटाने ढकलला की आवाज न करता आत जाऊन बसायचा, जणू घरात कुणीतरी झोपले आहे हे त्या ड्रॉवरलाही माहीत असावे. बाजारात त्याला सगळे 'आलोच' म्हणत. कुणीही, कशासाठीही फोन केला तरी तो आधी हाच शब्द बोलायचा, आणि इतक्या मनापासून बोलायचा की ऐकणाऱ्याला दार उघडून उंबऱ्यात उभे राहावेसे वाटे. नवे गिऱ्हाईक उभे राहायचे. जुने गिऱ्हाईक जेवून घ्यायचे.

दुकान त्याच्या बायकोचे होणार होते. ती केस कापायची, तेही दुसऱ्याच्या पार्लरमध्ये, दुसऱ्याच्या कात्रीने, दिवसभर उभी राहून. आता स्वतःची जागा भाड्याने घेतली होती आणि आतले सगळे फर्निचर आलोच करणार होता. बाहेरच्या सुताराला कशाला द्यायचे, घरचाच माणूस आहे, असे त्या वेळी दोघांनाही वाटले होते.

"अहो, मालकीणबाई आल्या होत्या," बायको टॉवेलच्या घड्या घालता घालता म्हणाली. "येत्या रविवारी उद्घाटन झालं नाही तर जागा चष्मेवाल्याला देणार म्हणाल्या."

"रविवारी? मग झालंच की. राहिलंय काय आता?"

"रंग, दिवे, आरसे आणि तुमचं सगळं फर्निचर."

"तेच म्हणतोय मी. किरकोळ राहिलंय."

ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. ती फक्त म्हणाली, "मी मॅडमना नोकरी सोडतेय म्हणून सांगून टाकलंय." आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून तिने पुन्हा त्याची घडी घातली.

व्युत्पत्ती

तिचे वडील इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. अर्धा बाजार त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे अर्धा बाजार त्यांना अजून सर म्हणत असे. जावईसुद्धा. तो त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. बाकावर त्याने करकटकाने कोरलेली वेलबुट्टी पाहून सरांनी त्याला आधी छड्या दिल्या होत्या आणि पुढे मुलगी दिली होती.

निवृत्त झाल्यापासून सर रोज सकाळी जाडजूड इंग्रजी कोशातला एक शब्द वाचायचे आणि दिवसभर घरात येईल त्याला ऐकवायचे. लोक त्यामुळे घरात जरा बेतानेच यायचे. जावयाला तशी सोय नव्हती.

"जावईबापू, या. तुमचा शब्द सापडला."

"माझं काही हरवलं नव्हतं, सर."

"'सून'. तुमच्या शटरवर आहे तो. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ काय होता, आहे माहीत? 'ताबडतोब'! 'लवकरच' नाही, 'बघू' नाही, 'थोड्या वेळानं' नाही. राजाच्या तोंडून तो शब्द निघाला की नोकर निघालेला असायचा."

"मग पुढे काय झालं?"

"तुम्ही झालात."

आलोच खाली मान घालून बसला. वर्गात बसायचा तसा.

"म्हणजे तुमच्यासारखी माणसं हो. तोंडानं म्हणायची 'ताबडतोब', आणि उगवायची संध्याकाळी. शब्द सैल पडला. मग लोकांनी दुसरा शब्द कामाला लावला, 'प्रेझेंटली'. कोरा करकरीत. अर्थ काय, तर या क्षणी. त्याचीही तीच गत केलीत. मग 'डायरेक्टली' आणला. तोही हातचा गेला."

"सर, एवढं सगळं काही मी नाही केलं."

"त्यांना बिघडायला शतकं लागली. तुम्ही 'आत्ता' हा शब्द एका दुपारीत निकामी करता."

"बाबा, पुरे!" आतून बायको ओरडली. "त्यांचा चेहरा बघा जरा. भिजलेल्या प्लायसारखा झालाय."

चेहरा खरोखरच फुगला होता. पण तो सरांच्या बोलण्याने नव्हे. आलोचच्या डोळ्यांसमोर तो दोनदा घडी घातलेला टॉवेल होता. तो उठून उभा राहिला.

"सर, ठरलं. आजपासून माझ्या तोंडातला शब्द हजार वर्षांपूर्वीचा. आत्ता म्हणजे आत्ता. लगेच म्हणजे लगेच."

बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, असं एकदम नका करू. लोकांना सवय नाही."

"दुरुस्ती एकदमच करावी लागते. अर्धी बिजागरी बदलून दार चालतं का कधी?"

व्याकरण

अव्यय. म्हणजे ज्याच्यात कशानेही फरक पडत नाही ते. आलोचबद्दल त्याच्या बायकोचे आजवर हेच मत होते.

रूढ अर्थ

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आलोच उशीर करायचा हे खरे, पण त्याच्यासाठी म्हणून कुणी थांबत नसे. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने त्याच्या शब्दाचा भाव बांधून टाकला होता. 'आत्ता निघालो' म्हणजे चप्पल शोधतोय. 'रस्त्यात आहे' म्हणजे चप्पल सापडली. 'पोचलोच' म्हणजे निघालो. 'उद्या नक्की' म्हणजे पुढच्या आठवड्यात विचारा, आणि 'उद्या अगदी नक्की' म्हणजे दुसरा सुतार बघा. रंगारी त्याच्या सकाळीत एक दुपार मिसळायचा. आरसेवाला एक अख्खा दिवस मिसळून वर आपला स्वतःचा अर्धा घालायचा. बायकोचा हिशोब तर इतका बिनचूक की तिने चहाचे आधण चढवले की तो जिना चढत असे.

सगळा कारभार तेल दिलेल्या बिजागरीसारखा चालला होता. कुणी वाट बघत नव्हते, त्यामुळे कुणी चिडतही नव्हते.

अशा ठिकाणी शनिवारी सकाळी आलोच वेळेवर निघाला.

उदाहरणे

"सर, दुकानात जरा बसाल का? आरसेवाला येईल, त्याला भिंत दाखवायला कुणीतरी हवं. मी आत्ता येतो तुम्हाला न्यायला."

"या, या," सर म्हणाले. त्यांनी फोन ठेवला, पेपर संपवला, कोडे सोडवायला घेतले, अडले तिथे सोडून दिले, पाणी तापवले आणि 'अजून भरपूर वेळ आहे' असे म्हणत डोक्याला साबण लावला. हजार वर्षांच्या ऱ्हासावर व्याख्यान देणारा हा माणूस जावयाच्या 'आत्ता'त इतरांसारखीच भर घालत होता.

बेल वाजली. कचरा न्यायला आले असतील म्हणून सरांनी टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून दार उघडले. दारात जावई.

"तुम्ही?"

"आत्ता म्हणालो होतो ना."

"अहो, म्हणून काय आत्ता यायचं?"

"चला लवकर. रंगाऱ्याला लगेच पोचतो म्हणून शब्द दिलाय."

"मला डोकं तरी धुऊ द्या!"

"सर, राजाच्या तोंडून शब्द निघाला की नोकर निघालेला असायचा. तुम्हीच म्हणालात."

"आंघोळ करून निघालेला असायचा!"

पण आलोच आता शब्दात अडकलेला माणूस होता. सर घाईघाईने शर्ट-पँट चढवून, डोक्याला टॉवेल बांधून स्कूटरवर मागे बसले. पुढे सरांच्या मांडीवर आरशाची लाकडी चौकट आडवी. त्यांचे तीन माजी विद्यार्थी वाटेत भेटले आणि तिघांनीही आदराने दुसरीकडे पाहिले.

उदाहरणे (ओली आहेत, हात लावू नये)

रंगाऱ्याला 'सकाळी चौकट घेऊन येतो' असा निरोप होता. त्याने नेहमीप्रमाणे त्यात दुपार मिसळली आणि शेवटचा हात तेव्हाच मारायला घेतला. तो शिडीवर असताना शटरमधून आलोच आत आला.

रंगाऱ्याने घड्याळ पाहिले, आलोचला पाहिले आणि ब्रश डब्यात टाकून तो घाबऱ्याघाबऱ्या खाली उतरला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. सकाळी येतो म्हणालो होतो."

"अरे, मला सांग ना. मी परका आहे का? वहिनी बऱ्या आहेत ना?" त्याने रंगाचे हात तसेच आलोचच्या खांद्यावर ठेवले. तेवढ्यात त्याला मागे डोक्याला पांढरे बांधलेले, डोळे लाल झालेले सर दिसले, आणि त्याची खात्रीच पटली. "सर! कसं झालं हो हे सगळं?"

"साबण गेलाय डोळ्यात!" सर म्हणाले, आणि आधारासाठी जवळची भिंत धरली.

भिंतीवर आधी दोन हात उमटले. मग, 'ओली आहे! ओली आहे!' असा आरडाओरडा ऐकून सर वळायला गेले, तेव्हा कपाळही उमटले.

रंगाऱ्याने ठशांकडे पाहिले, डबा वाकडा करून तळ पाहिला. "ही छटा आता डब्यात नाही," तो शेवटी म्हणाला. "दुकानातून आणावी लागेल. लगेच आणतो."

"लगेच?"

"लगेच."

आणि आलोचचा त्याच्यावर विश्वास बसला. चौकट भिंतीला टेकवायची सोय नव्हती, खाली सगळीकडे रंग सांडलेला, आणि रंगारी लगेच येणार म्हणून तो चौकट हातात धरून तसाच उभा राहिला. उभाच राहिला. त्याला दुसऱ्याच्या शब्दात वेळ मिसळता येत नव्हता. आयुष्यभर ते काम त्याच्यासाठी इतरांनीच केले होते.

त्याने चौकट एका खांद्यावर घेऊन आरसेवाल्याला फोन लावला.

"आरसे निघाले का?"

"निघालेच!"

आलोच रस्त्यावर येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला.

"कुठवर आलात?"

"रस्त्यातच आहे हो."

"मीपण रस्त्यातच आहे. मला दिसत नाही तुम्ही."

पलीकडे ताट-वाटी वाजली. मग दबक्या आवाजात, "ए, वाढ थोडी भाजी," असे ऐकू आले आणि फोन बंद झाला.

दिवेवाल्याने फोनच उचलला नाही. त्याच्या बायकोने उचलला. "हे तुमच्याकडेच यायला निघालेत," ती म्हणाली. मागून तिचा नवरा घोरत होता.

रविवार उद्यावर आला होता, भिंतीवर सासऱ्यांचे कपाळ होते आणि जगात त्याच्याखेरीज एकही माणूस शब्दाला जागत नव्हता. त्याने बायकोला फोन केला. ती पार्लरमध्ये कुणाचे तरी केस कापत होती. मागे कात्रीचा आवाज येत होता.

"अगं, वाट बघायची म्हणजे फार वाईट असतं गं."

"हो का?"

"मी तुला अशी किती उभी करून ठेवली असेन."

"मी बसून घ्यायचे," बायको म्हणाली. कात्रीचा आवाज क्षणभर थांबला. "तुम्ही जेवलात का?"

तो जेवला नव्हता. आणि आता जेवणारही नव्हता. त्याने चौकट सरांच्या हातात दिली, "धरून ठेवा, सोडू नका" असे सांगितले आणि स्कूटरला किक मारली.

मग त्याने माणसे गोळा करायला सुरुवात केली. आरसेवाल्याला त्याने सासुरवाडीच्या पंगतीतून उठवला. दिवेवाल्याला झोपेतून उठवून, त्याचे डोळे पुरते उघडायच्या आत, पिशवीसकट स्कूटरवर बसवले. रंगारी रंगाच्या दुकानात मालकाशी गप्पा मारत बसला होता. त्याला त्याने दंडाला धरून आणला.

"अरे, पण एवढी घाई कसली? अजून तर—" रंगारी म्हणायला लागला आणि मध्येच थांबला.

"अजून तर काय?"

"काही नाही," रंगारी म्हणाला, आणि आरसेवाल्याकडे बघून त्याने डोळे मोठे केले. आरसेवाल्याने दिवेवाल्याकडे बघून केले. दिवेवाला अजून झोपेतच होता.

आलोचला हे काही दिसले नाही. तो घरी कापून आणलेल्या कपाटांच्या दारांना बिजागऱ्या मारत होता. इतका भराभर की एकदा रंगाऱ्याने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले. भिंतीची छटा शेवटपर्यंत जुळलीच नाही. म्हणून सगळ्यात मोठा आरसा त्यांनी सरांच्या कपाळावर बसवला, म्हणजे भिंतीवरच्या. उजाडता उजाडता शेवटचा स्क्रू बसला आणि तिघे कारागीर आपापल्या घरी जाऊन पडले.

अपवाद

रविवार. आलोचने कालच दुकानात आणून ठेवलेला इस्त्रीचा शर्ट घातला होता. शटर वर होते. दिवे लागले होते. आरशांसमोर फिरती खुर्ची होती, तिच्या मागे नवे बेसिन, बेसिनच्या बाजूला हव्या त्या उंचीवर हवे ते हाताला लागेल अशी कपाटे, आणि पाहुण्यांसाठी भाड्याच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या. तो दारात उभा होता.

कुणीही आले नाही.

समोरून एक माणूस कुत्रा फिरवत गेला. आलोचने त्याला नमस्कार केला. त्याने केला नाही, पण कुत्रा थांबला.

तो शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला. मग पहिल्या. मग त्याला सगळे लख्ख समजले. लोकांनी त्याच्या नावाचा हिशोब केला होता! आलोचने बनवलेले दुकान, आलोचने सांगितलेला दिवस, म्हणजे दुपारी जाऊ, संध्याकाळी जाऊ, नाहीतर पुढल्या महिन्यात जाऊ. शब्द दुरुस्त झाला होता, पण माणूस दुरुस्त झाल्याचे कुणाला कळवलेच नव्हते. आता मालकीणबाई उतरणार, रिकाम्या खुर्च्या बघणार आणि जागा चष्मेवाल्याला देणार. बायको मॅडमना काय सांगणार? कात्री परत द्या म्हणणार?

वरच्या मजल्यावरून मालकीणबाई खरोखरच उतरल्या. घरातल्या कपड्यांत, हातात झाडांना पाणी घालायची झारी.

"अगं बाई! आज एवढ्या सकाळी? आणि शर्टाला इस्त्री?"

"उद्घाटन आहे ना," आलोच उभा राहत म्हणाला. "येतील हो माणसं. थोडा वेळ द्या. माझ्यामुळे जरा मागेपुढे होतंय. पण हे बघा, दुकान उघडलंय. रविवारीच उघडलंय. चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगा."

मालकीणबाईंनी दुकानाकडे पाहिले. मग आत पाहिले. मग झारी खाली ठेवून पुन्हा आत पाहिले.

"हे सगळं झालं? पण उद्घाटन तर पुढच्या रविवारी आहे."

"पुढच्या?"

"मी मुदतच पुढच्या रविवारची दिलीय. तुमच्या बायकोनं मला आमंत्रणही पुढच्या रविवारचंच केलंय. तुम्हाला नाही का—" इथे त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! तुम्हाला सांगायचं नव्हतं, नाही का!"

"कुणाकुणाला माहितीये हे?"

"तसं कुणाला फारसं नाही. रंगाऱ्याला. आरसेवाल्याला. दिवेवाल्याला. सरांना. पार्लरमधल्या मॅडमना." त्यांनी झारी उचलली. "चष्मेवाल्याला."

नवा अर्थ

बायको आली तेव्हा तिच्या हातात चहाचा थर्मास होता. कामावर जाता जाता, रात्रभर खिळे ठोकत बसलेल्या नवऱ्याला चहा द्यावा म्हणून ती आली होती. दुकान निम्मेशिम्मे झाले असेल, चौकटी भिंतीला टेकलेल्या असतील, तो भुश्शात बसला असेल अशी तिची अटकळ होती. मागोमाग सर होते. जावयाची कशी तारांबळ उडाली आहे ते बघायला ते मुद्दाम आले होते, आंघोळ करून.

ती उंबऱ्यावर थांबली. आत गेली आणि एकेक कपाट उघडून बघत राहिली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिने ती हळूच फिरवली. खुर्ची पूर्ण एक फेरी घेऊन तिच्यासमोर येऊन थांबली.

"तू मला खोटा दिवस सांगितलास," दारातून आलोच म्हणाला.

"खोटा नव्हता."

"मग काय होता?"

"तुम्ही फळी कापताना नाही का, मापापेक्षा थोडी जास्तच ठेवता? रंधा मारताना थोडी झिजेल म्हणून? तसा मी एक आठवडा जास्तीचा ठेवला."

हे सुताराला पटले. त्याने उभ्या आयुष्यात एकही फळी बरोबर मापाला कापली नव्हती. तरी तो म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा."

"विश्वास आहे म्हणून आठवडाच ठेवला. बाबा महिना ठेव म्हणत होते."

आलोचने सरांकडे पाहिले. सर मोठ्या आरशात स्वतःचा भांग बघू लागले. या आरशामागे आपलेच कपाळ आहे हे आठवून ते जरा बाजूला सरकले. मग घसा साफ करून म्हणाले, "जावईबापू, त्या शब्दाबद्दल मी जे सांगितलं, त्यात एक चूक होती."

"राहू द्या, सर."

"नाही, ऐका. रात्री झोप नाही आली मला. ती चौकट धरून माझे खांदे भरून आले होते. तर मी विचार केला की शब्द बिघडवला कुणी? मी म्हणालो, बोलणाऱ्यानं. पण तुम्ही तर दर वेळी अगदी मनापासून 'आत्ता' म्हणता. वर्गात म्हणायचात, आजही म्हणता. तुमच्या तोंडात तो शब्द हजार वर्षांपूर्वीइतकाच ताजा आहे. सैल केला तो आम्ही. ऐकणाऱ्यांनी."

"का?"

"चिडायचं नव्हतं म्हणून. शब्दाला धरून बसलो तर माणूस हातचा जातो. मग शब्दच थोडा वाकवून घेतला. हजार वर्षं घराघरांतून हेच चाललं असणार." सरांनी खांदा चोळला. "त्याशिवाय का इतक्या लोकांचे संसार झाले."

मालकीणबाई डोळे पुसत होत्या. त्यांना काय समजले होते कुणास ठाऊक, पण त्या म्हणाल्या, "चष्मेवाल्याला मी आजच नाही म्हणून सांगते. नाहीतरी त्याचा चष्मा माझ्या नाकावर बसत नाही."

विरुद्धार्थी

आता एक नवीच अडचण उभी राहिली. दुकान तयार होते आणि पुढच्या रविवारपर्यंत जगातल्या कुणाचीही, कसलीही अपेक्षा नव्हती. आलोचच्या हातात असा वेळ कधी उरलाच नव्हता. त्याला तो कुठे ठेवावा हे समजेना. तो एकदा या खुर्चीवर बसला, एकदा त्या.

बायकोने पर्समधून फोन काढला. "मॅडम, मला आज यायला उशीर होईल." पलीकडून काहीतरी काळजीने विचारले गेले असावे, कारण ती हसून म्हणाली, "नाही नाही, सगळं बरं आहे. फक्त उशीर होईल." उशीर तिने आजवर सोसला फार होता. स्वतः करून बघायला तिला मजा वाटली.

"बेसिन तपासायला हवं होतं," आलोच म्हणाला. "पाणी मागे येतंय का, मानेला कड लागते का. त्यासाठी कुणीतरी डोकं ठेवून बघायला पाहिजे."

"मी ठेवतो की," सर पुढे झाले. "मोकळाच आहे मी."

"सर," मालकीणबाई म्हणाल्या, "वर चला. मला एक इंग्रजी शब्द अडलाय."

"कोणता?"

"आठवेल जिन्यात."

सर लगबगीने गेले. त्यांना असे कुणी आपणहून विचारून फार दिवस झाले होते.

आलोचने शटर अर्धे खाली ओढले. बायको खुर्चीवर बसली. सवय नसल्यासारखी, कडेला. मग मागे रेलली आणि तिने मान बेसिनच्या खाचेत ठेवली. तिने किती डोकी धुतली होती त्याला गणती नव्हती, पण तिचे डोके आईनंतर दुसऱ्या कुणी धुतले नव्हते. वरचे दिवे डोळ्यांवर येत होते. आलोचने एक दिवा मालवला.

त्याच्या बोटांना लाकडाची सवय होती. त्याने पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघितले, मग तिच्या केसांवर सोडले, आणि नव्या लाकडाची शीर कुठल्या बाजूला जाते ते अंदाजत जावे तशी बोटे हळूहळू मागे नेली.

"कड लागते का मानेला?"

"नाही."

"पाणी कढत आहे का?"

"नाही."

तिचे खांदे कधी नव्हे ते खाली आले होते. काम झाले असावे असे त्याला वाटले. बेसिन तर उत्तम होते. कालपासूनच्या सवयीने त्याने झटकन नळ बंद केला आणि टॉवेलकडे हात नेला.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली. "सावकाश."

त्याने नळ पुन्हा सोडला. या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज त्याला कधीच पडली नव्हती.